अर्धा रस्ता अर्थचा : जुन्या गाडीच्या बॅटरी केबलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मी अजूनही वापरतो. गेल्या दिवाळीआधी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले आणि तेव्हापासून सेल्फ जड फिरू लागला आहे. सकाळी गाडी कशीबशी सुरू होते. मात्र अंबाजोगाईहून परळीला जाऊन तेथे अर्धा तास थांबलो की सेल्फ नुसता कण्हतो आणि चार माणसे बोलावून गाडी ढकलावी लागते. त्यानंतर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. आता एक जण सांगतो की बाजारात मिळणारी तयार केबल टाकावी, तर दुसरा म्हणतो की जुन्याच केबलच्या टोकाला डाख देऊन घ्यावा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : दोघांचेही ऐकण्यापूर्वी एक मोजमाप करावे, कारण केबल खराब आहे हे अजून कोणीही तपासलेले नाही. पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला ‘पेंटिंग’ हा वाटतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह जाड केबलने सेल्फपर्यंत जातो, हे सर्वांना दिसते. पण तेवढाच प्रवाह इंजिनच्या धातूतून, अर्थच्या (इंजिन पत्र्याला जोडणाऱ्या) पट्टीतून आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत यावा लागतो, हा अर्धा रस्ता मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो. रंगकाम करताना अर्थचे बोल्ट काढले जातात, त्यांच्या खालच्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग बसतो आणि त्याच रंगावर थिंबल (केबलच्या टोकाचे धातूचे कडे) पुन्हा घट्ट आवळले जाते. बोल्टच्या आट्यांमधून थोडा संपर्क राहतो, म्हणून दिवे लागतात आणि हॉर्नही वाजतो; परंतु सेल्फला लागणारा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह तेवढ्या चिंचोळ्या वाटेने जाऊ शकत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. सेल्फ १५० अँपिअर घेत असेल आणि संपूर्ण वाटेत मिळून केवळ ०.०१ ओहम एवढा जास्तीचा विरोध असेल, तर १.५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सव्वादोनशे वॅट उष्णता त्या खराब जोडावर निर्माण होते. मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासणाऱ्याला एवढा लहान विरोध दिसतच नाही. त्याचा मीटर ‘केबल चांगली आहे’ असेच सांगतो आणि मग बिचाऱ्या बॅटरीवर दोष येतो. म्हणून विरोध मोजू नये. सेल्फ फिरत असताना वाटेत किती व्होल्ट गळतात, ते मोजावे.

त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्याच दोन खुंटांवर टोके लावावीत आणि सोबतच्या माणसाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवणारी भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. ती त्याहून खाली गेली, तर बॅटरी तरी कमकुवत आहे किंवा सेल्फच आतून बिघडून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. उलट, सेल्फ कण्हत असूनही बॅटरी अकरा व्होल्टच्या आसपास निवांत राहिली, तर बॅटरी निर्दोष समजावी आणि तिला प्रवाह देऊ न देणारा अडथळा वाटेत शोधावा. आपल्या गाडीत हेच आढळेल, असा माझा कयास आहे.

यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर धरून पुन्हा सेल्फ मारावा. टोक खुंटावरच टेकवावे, त्यावर बसलेल्या टर्मिनलवर नव्हे. कारण खुंट आणि टर्मिनल यांच्यामधील पांढरी बुरशीसारखी भुकटी हाच पुष्कळदा खरा अपराधी असतो आणि टोक टर्मिनलवर टेकवले की तो मोजणीतून निसटतो. त्यानंतर निगेटिव्ह खुंट आणि सेल्फचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये हेच मोजावे. पहिल्या बाजूला साधारण अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला पाव व्होल्टपर्यंतची गळती चालवून घेता येते. याहून जास्त आकडा आला, तर टोक एकेक जोड पुढे सरकवत जावे : खुंट ते टर्मिनल, टर्मिनल ते पत्रा, पत्रा ते इंजिन. ज्या एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसेल, तेथेच काम करायचे आहे. मीटर मिळाला नाही, तर सेल्फ मारून झाल्याबरोबर प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा; चटका देणारा जोड आपणच आपले नाव सांगतो.

गाडी गरम झाल्यावरच दोष का वाढतो, याचेही उत्तर यातच आहे. तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो; म्हणजे बॉनेटखालचे तापमान पन्नास अंशांनी चढले, तर केबल आणि सेल्फच्या वेटोळ्यांचा विरोध पाचवा हिस्सा अधिक होतो. सकाळी काठावर भागत असलेले काम परळीच्या दुपारी भागत नाही, ते यामुळे. ज्या भागात मे महिन्यात पारा सहज बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे काठावरचा जोड चालवून घेणे मला मुळीच मान्य नाही.

अर्थच्या पट्टीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हा धडा मी स्वतः रस्त्यावर शिकलो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून गाडीच्या पत्र्याला एक विणलेली तांब्याची पट्टी जोडलेली असते. एका गॅरेजात माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवला आणि ही पट्टी लावायची राहून गेली. मांजरसुंब्याजवळ चहाला थांबून पुन्हा सेल्फ मारला, तेव्हा डॅशबोर्डखालून धूर आला. परतीची वाट न सापडलेला सारा प्रवाह चोकच्या तारेतून जाऊ पाहत होता आणि ती तार लालबुंद झाली होती. ज्या गाडीची चोकची किंवा अॅक्सिलरेटरची तार सेल्फ मारताना गरम होते, त्या गाडीची ही पट्टी त्याच दिवशी तपासावी. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये.

आता दुरुस्ती. काम सुरू करण्याआधी हातातील अंगठी आणि कडे काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर काही वेळ बॉनेट उघडे ठेवावे. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के मिसळला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली) असल्यामुळे आधी निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी लावावे. टर्मिनल निघत नसेल तर पान्याने ठोकू नये आणि बसवतानाही वरून हातोडी मारू नये. खुंटाभोवतीचे सील फुटून तेथून आम्लाची वाफ झिरपू लागते आणि नव्या टर्मिनलवरही महिन्याभरात भुकटी धरते. ही भुकटी पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावी, मात्र तो सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. बॅटरीत पाणी काठोकाठ भरल्यानेही आम्ल उतू जाऊन टर्मिनल खातात, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी तर आतील प्लेटांचेच नुकसान करते. डिस्टिल्ड वॉटर आणि तेही खुणेपर्यंतच, ही शिस्त आपल्याकडे फार कमी पाळली जाते.

अर्थचा बोल्ट जेथे पत्र्याला लागतो, तेथील रंग थिंबलच्या आकाराएवढा खरवडून चकचकीत धातू दिसू द्यावा, जोड पक्का आवळावा आणि त्यानंतर वरून व्हॅसलिन किंवा रंगाचा हात द्यावा. नव्या रंगाला पॉलिश पेपर लावताना हात धजत नाही, हे मी समजू शकतो. पण तो पैशाएवढा गोल बोल्टखाली झाकला जाणार आहे.

केबल ठेवायची की बदलायची, हे टोक कापून पाहिल्यावरच ठरवता येते. टर्मिनलपासून दोन-तीन सेंटीमीटर केबल कापल्यावर आत तांबूस, चमकदार तारा दिसल्या आणि लांबी पुरत असेल, तर नवे थिंबल लावून तीच केबल वापरावी. तारा काळ्या किंवा हिरव्या निघाल्या, तर आम्ल आवरणाखालून वर चढलेले असते. तेव्हा संपूर्ण केबल बदलावी. डाख देण्याचा सल्ला मी देणार नाही. कथील तारांमध्ये वर शोषले जाते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि हादऱ्यांनी नेमका त्याच्या कडेला तुटतो. शिवाय जोड खराब होऊन तापला, तर नेहमीचे कथील १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. कथलाचा मुलामा दिलेले तांब्याचे थिंबल केबलच्या नेमक्या मापाचे घ्यावे आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्यावे. पॅनेल बोर्डाचे काम करणाऱ्या वायरमनकडे हे यंत्र असते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरात ते शोधावे लागत नाही, आणि लातूरसारख्या गावातही विजेच्या ठेकेदाराकडे मिळू शकते. हातोडीने चेपलेले थिंबल मात्र घेऊ नये. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की आम्लाला आत शिरायला जागा उरत नाही.

तयार केबलविषयी माझा आक्षेप एकच आहे : तिचे प्लॅस्टिक जाड आणि तांबे बारीक असते. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते आणि ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर निर्धास्त राहता येते. दुकानात तारा मोजून पाहण्यात संकोच करू नये. एकेक तार ०.३ मिलिमीटर जाडीची असेल, तर २५ चौरस मिलिमीटरसाठी सुमारे साडेतीनशे तारा भरायला हव्यात. एखादी तार ब्लेडने खरवडून आत पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे. त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि त्याचे थिंबलही फार काळ घट्ट राहत नाही. त्यापेक्षा वेल्डिंगची केबल चांगली, कारण तिच्या तारा बारीक असून ती हवी तशी वळते. केवळ तिचे रबर तेलाला टिकणारे, म्हणजे एचओएफआर जातीचे आहे का, हे विचारून घ्यावे. साधे रबर इंजिनच्या तेलाने फुगून मऊ पडते.

एक गोष्ट पत्रात नाही, पण आपल्या गाडीत ती असण्याची शक्यता आहे. दोन वेळा बॅटरी बदलताना बारीक खुंटांची बॅटरी बसवली गेली असेल, तर जुने टर्मिनल तिच्यावर घट्ट बसणार नाही. जाड आणि बारीक खुंटांच्या व्यासात जवळजवळ ५ मिलिमीटरचा फरक असतो आणि तो भरून काढण्यासाठी पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. त्यासाठी शिशाचे टोपण मिळते, तेच वापरावे. किंवा पुढच्या वेळी जाड खुंटांचीच बॅटरी मागावी.

प्रश्न : मी एक जुनी अॅम्बेसेडर मार्क टू विकत घेतली आहे. तिच्या केबल कुजल्या असून त्या बदलायला घेतल्या, तेव्हा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला की बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली आहे, हे कोणीतरी चुकून केले असावे आणि आपण ते सरळ करू. करू द्यावे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : अजून तरी करू देऊ नये. अॅम्बेसेडरचे मूळ असलेल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या काळात ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बाजू पत्र्याला जोडण्याचीच पद्धत होती आणि १९६० च्या दशकात ती हळूहळू मागे पडली. त्यामुळे आपल्या गाडीत दिसणारी जोडणी चूक नसून मूळचीच असू शकते. त्याच वेळी, इतक्या वर्षांत कितीतरी हात लागलेल्या गाडीत सालावरून काहीही गृहीत धरणे धोक्याचे आहे; अर्थची केबल कोणत्या खुंटावरून निघते, बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे की नंतर त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला आहे, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत बॅटरी क्षणभर जरी उलटी लागली, तरी त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

नवी केबल करताना आहे तीच दिशा ठेवणे सर्वांत सुरक्षित. काढण्या-लावण्याचा क्रम मात्र बदलतो, आणि सवयीचा हात येथेच चुकतो : आपल्या गाडीत आधी पॉझिटिव्ह टर्मिनल काढायचे आणि ते सर्वांत शेवटी लावायचे. नियम निगेटिव्हचा नसून अर्थचा आहे. अर्थची केबल आधी सुटली की दुसऱ्या खुंटावर फिरणारा पाना चुकून पत्र्याला टेकला, तरी काही होत नाही. उलट क्रमाने काम केले, तर तोच पाना बॅटरीचे शॉर्ट सर्किट करतो आणि काही क्षणांत लाल होतो. नव्या केबलवर लाल-काळ्या स्लीव्हऐवजी ‘अर्थ’ असे लिहिलेली पट्टी गुंडाळावी, म्हणजे पुढचा मेकॅनिक फसणार नाही.

पुढेमागे निगेटिव्ह अर्थ करायचाच असेल, तर नुसती बॅटरी फिरवून भागत नाही. डायनॅमोच्या फील्डला नव्या दिशेने क्षणभर प्रवाह देऊन त्याचे ध्रुव बदलावे लागतात, कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करावी लागते आणि अँमीटर उलटे दाखवू लागल्यास त्याच्याही वायरी फिरवाव्या लागतात. हे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

केबल टाकताना आणखी एक जपावे. बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या या केबलला फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या भोकातून जात असेल, तर रबराचे ग्रोमेट नवे घालावे, सायलेन्सरच्या गरम पाइपपासून ती वीतभर दूर ठेवावी आणि इंजिन हलते तेवढी ढील ठेवून रबरी क्लिपांनी बांधावी. जुन्या गाड्या जळण्यामागे पत्र्याच्या धारेवर घासलेली अशी एखादी केबल असू शकते. तसेच, सॉलिनॉइडच्या (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) बॅटरीकडील बोल्टवरून गाडीच्या बाकी वायरिंगला जाणारी वायर नव्या केबलसोबत परत लावायला विसरू नये. ती राहिली की सेल्फचा मुख्य बोल्ट जिवंत असूनही दिवे, इग्निशन सारे बंद राहते आणि नव्या केबलवर नाहक संशय घेतला जातो.

प्रश्न : आमच्या शेतावर आजोबांच्या वेळची ६ व्होल्टची जीप आहे. गाड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून नव्या बॅटरी केबल आणल्या, तरी सेल्फ पूर्वीपेक्षाही मंद फिरतो. १२ व्होल्ट करून टाकावे का?
— एक वाचक, अर्धापूर (जि. नांदेड)

उत्तर : आपण आणलेल्या केबल १२ व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या आहेत. तेवढीच ताकद ६ व्होल्टवर काढायची, तर दुप्पट प्रवाह लागतो. दुप्पट प्रवाहाने वाटेतली गळतीही दुप्पट होते, आणि ती निम्म्या व्होल्टमधून वजा व्हायची असल्यामुळे तिचा परिणाम चौपट जाणवतो. बारा व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर शेकडा चार गेले, सहामधून एक व्होल्ट गेला तर शेकडा सोळाहून अधिक गेले. म्हणून जुन्या गाडीतील मूळ केबल अंगठ्यासारख्या जाड असत. आपण किमान ५० आणि शक्य असल्यास ७० चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी, ती जेवढी आखूड ठेवता येईल तेवढी ठेवावी आणि तेवढ्याच जाडीची अर्थची केबल चासीऐवजी थेट इंजिनच्या किंवा सेल्फच्या बोल्टपर्यंत न्यावी. चासी आणि इंजिन यांमधील पट्टीही राहू द्यावी.

जीप १२ व्होल्ट करण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. तिचा सेल्फ, डायनॅमो, दिवे, कॉइल, मीटर हे सारे ६ व्होल्टचे असून एकमेकांशी जुळलेले आहे. योग्य जाडीची केबल आणि स्वच्छ जोड मिळाले, तर ती आजोबांच्या वेळी जशी सुरू होत असे तशीच सुरू होईल. आणि नाहीच झाली, तर वरच्या उत्तरातील मोजमाप करून मला आकडे कळवावेत. गळतीच्या मर्यादा मात्र त्याच्या निम्म्या धराव्यात आणि सेल्फ मारताना बॅटरी ४.८ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.

प्रश्न : गाडी महिना-महिना उभी राहते, म्हणून बॅटरीला कट-ऑफ स्विच लावायचा आहे. केबल नवी करताना तो कोठे लावावा?
— एक वाचक, जालना

उत्तर : अर्थच्या केबलमध्ये, बॅटरीजवळ. स्वस्त स्विचमधील संपर्क हलका असतो. म्हणून बसवल्यावर सेल्फ मारताना स्विचच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट गळतात, ते मोजावे आणि ०.१ च्या वर गेल्यास तो परत करावा. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना हा स्विच कधीही उघडू (म्हणजे बॅटरी तोडू) नये, कारण बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळून डायोड निकामी होतात. लांब मुक्काम असेल, तर स्विच उघडण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा खुंटांवर मीटर लावावा, आकडा १२.४ व्होल्टच्या खाली दिसला की चार्जर लावण्याची वेळ झाली.